नोंद काढा

माझ्या मुलीला दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदात खोट दिसली की तिच्यानं गप्प बसवत नाही, आणि या एका गुणापायी तिचं जमत आलेलं लग्न मोडणार, ही धास्ती माझ्या छातीवरून उठायला तयार नाही. भाकरी थापताना तीच, बाजारात भाव करताना तीच, आणि आता घर झोपल्यावर लिहायला बसले तरी तीच. मुलीचं नाव शिवकन्या. मुलगा डोंगरकड्याचा, सोमेश्वर. दोघांना एकमेकं पसंत आहेत. पत्रिका जुळली, मानपान ठरला, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात तिनं त्याला दहापैकी दोन मार्क दिले.

मार्क कशाचे, हे सांगायचं तर आधी शिवकन्या काय काम करते ते सांगावं लागेल. बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं. ते याहून सोपं होतं.

हल्ली अशी संगणकी बुद्धी निघाली आहे की ती नुसती बोलत नाही, कामंही करते. तिकीट काढते, निरोप धाडते, नोंदी ठेवते. पण तिला ना डोळे ना हात. तिच्यासमोर अवजारं मांडलेली असतात, एक तिकिटाचं, एक निरोपाचं, आणि प्रत्येक अवजाराला माहितीची एक चिठ्ठी लावलेली असते. हे काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा हात लावायचा नाही. यंत्र ती चिठ्ठी वाचतं आणि अवजार उचलतं. लिहिणाऱ्यानं आळस केला असेल तर खुरप्याच्या जागी कुऱ्हाड उचलतं आणि तितक्याच नम्रपणे चालवतं. आमची शिवकन्या त्या चिठ्ठ्या वाचून त्यांना मार्क देते. पुण्याची एक कंपनी तिला याचा पगार देते. ती बसते आमच्या जवळा बाजारच्या घरात, ज्या खोलीत पूर्वी सोयाबीन ठेवायचो तिथं. अजून धूळ निघते, त्यामुळे पुण्याच्या साहेबांशी बोलताना ती दर दोन वाक्यांमागे शिंकते.

शेजारची शिला हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे मशिनीचा अभ्यास मशिनीला समजला का न्हाई, ते पोरगी बघती. मग मशिनीलाच काहून विचारत न्हाईत?"

प्रश्न मला बिनतोड वाटला. मी तो शिवकन्येला विचारला.

"यंत्राला विचारलं तर ते सगळ्यालाच छान म्हणतं, आई. समजलं नसलं तरी मान हलवतं."

म्हणजे ते आमच्या ग्रामसभेत सहज खपून जाईल, एवढं माझ्या लक्षात आलं. तरी मी म्हटलं, चिठ्ठीत थोडं इकडंतिकडं झालं तर काय आभाळ कोसळतं? तशी ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आपल्या घरात बिस्किटाच्या डब्यात धने, धन्याच्या डब्यात साबुदाणा आन साबुदाण्याच्या डब्यात तुझे शिवणाचे दोरे. तुला ठाऊक हाय. नव्या माणसाला खिचडी करायला लावून बघ."

मी डबे बदलले नाहीत. पण त्या दिवसापासून साबुदाण्याचा डबा उघडताना अपमान झाल्यासारखं वाटतं.

ही खोड तिला नोकरीनं लागलेली नाही. नोकरी खोडीला शोधत आली. शाळेत असताना भावकीतल्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो. पत्रिकेवर छापलं होतं, लग्न वेळेवर लागेल. जिल्ह्यात ज्या कोणाचं लग्न झालं असेल त्याच्या पत्रिकेवर हे छापलेलं असतं आणि कोणी ते वाचत नाही. हिनं वाचलं. मांडवात नवरदेव नाही, भटजी नाही, बँडवाले वडाखाली झोपलेले, आणि ही पत्रिका हातात धरून नवरीच्या बापाला विचारते, "काका, वेळ चुकली का कार्ड चुकलं?" काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, हिला सांभाळा."

सांभाळायचं म्हणजे काय, हे मुलगी लग्नाची झाल्यावर कळलं. स्थळं येऊ लागली. बायोडाटा आला की बाकीच्या मुली फोटो बघतात. ही पेन घेऊन बसायची. 'मुलगा निर्व्यसनी' असं असलं की बाजूला लिहायची, तंबाखू धरून की सोडून? 'स्वतःचे घर': कोणाच्या नावावर? 'अपेक्षा, अनुरूप': कशाला अनुरूप? कळमनुरीकडच्या एका पाहुण्यांना आमच्या ह्यांनी चुकून तोच कागद परत दिला. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत, पण मुलानं तंबाखू सोडल्याचं ऐकलं.

मग सोमेश्वरचा बायोडाटा आला. त्यात घराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बांधकाम चालू, स्लॅब पडायचा आहे, सध्या वरून पत्रे.' शिवकन्येनं तो दोनदा वाचला आणि पेनाचं टोपण लावलं. मी त्याच दिवशी देवापुढं नारळ फोडला.

सोमेश्वरला वडील नाहीत. त्याला शिकवलं त्याच्या ग्यानोबामामांनी. मामा हळद पिकवणाऱ्यांच्या एका कंपनीचे अध्यक्ष आहेत. हिंगोलीत तिचं ऑफिस आहे, आणि त्या ऑफिसात संगणकाचं सगळं एकटा सोमेश्वर बघतो. मामांच्या डोक्यात आलं की आपल्या सभासदांसाठी फोनवर बोलणारा मदतनीस काढायचा. शेतकऱ्यानं फोनला सांगायचं, त्यानं माल नोंदवायचा, विक्रीची पाळी लावून द्यायची. नाव मामांनीच ठेवलं, सालगडी. पगार नाही, जेवण नाही, पोळ्याला कपडे नाहीत, रात्री-अपरात्री 'होय मालक' म्हणतो. मामांना आयुष्यभर असाच हवा होता.

या सालगड्याच्या अवजारांच्या चिठ्ठ्या पुण्याला तपासायला गेल्या. तिथून बरोबर आहेत असा दाखला मिळाला की उद्घाटन. चिठ्ठ्यांवर कोणाचं नाव नसतं. त्या कोणाकडून आल्या हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि कोणी तपासल्या हे लिहिणाऱ्याला कळत नाही. अशी चोख व्यवस्था आहे. ती फक्त आमच्यासमोर टिकली नाही.

शिवकन्या ओसरीवर हरभरा सोलत होती आणि हात गुंतले म्हणून फोन स्पीकरवर होता. मी आत कणीक मळत होते. ऐकू येत होतं त्याला माझा इलाज नव्हता.

"आमच्या चिठ्ठ्यांला दहापैकी दोन आलेत," सोमेश्वर सांगत होता. "पुण्यात कोण खवीस बसवलाय देव जाणे."

"शेरा काय हाय?"

"ऐक. 'तुमच्या अवजाराचं नाव नोंद काढा आणि खाली माहिती एवढीच, शेतकऱ्याची नोंद काढते. काढते म्हणजे दाखवते की पुसते? तलाठ्याकडून सातबारा काढला की हातात येतो, रेशन कार्डातून नाव काढलं की जातं. तुमचं काढणं यातलं कोणतं? आणि पुसत असेल तर पुसलेलं परत येत नाही, हे का लिहिलेलं नाही?' पुढं आनखी. 'कट्टे, आकडा भरा. कट्टा किती किलोचा? आणि कट्टा म्हणजे पोतं हे यंत्राला कोण सांगणार? बाहेरच्या माणसाला कट्टा म्हणजे पिस्तूल.' आता मला सांग, पुण्याच्या माणसाला तलाठी अन् कट्टा इतका बराबर कसा ठाऊक?"

हरभऱ्याची टरफलं फुटायची थांबली.

"सोमेश्वर, मी जवळा बाजारची हाय."

"ते ठाऊक हाय मला."

"आन मी पुण्याच्या कंपनीत हाय."

माझे हात कणकेत तसेच राहिले. मग तो हसला. अगदी मोकळा, पोट धरून. "खवीस तूच व्हय?"

"चिठ्ठी तुमी लिहिली व्हती?"

"लिहिली म्हंजे, यंत्राकडूनच लिहून घेतली. मामांची घाई. इंग्रजीत 'रिमूव्ह' व्हतं, त्यानं मराठीत काढा करून दिलं."

"तरीच म्हणलं, हे कोणी लिहिलेलंच न्हाई, नुसतं उमटलंय. वाचलं तरी व्हतं का तुमी?"

"वाचतो," तो म्हणाला. "आज रात्री बसून वाचतो."

यात खरं तर विषय संपायला हवा होता. शिवकन्येनं दुसऱ्या दिवशी पुण्याच्या साहेबांना नातं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, मार्क नातं कळायच्या आधीचे आहेत, राहू द्या. दुरुस्त चिठ्ठी आली की दुसरं कोणी बघेल. पण ही गोष्ट मामांच्या कानावर गेली, आणि मामांचा चिठ्ठीशी काही संबंध नसला तरी कानाशी होता.

आमच्या भाषेत काढणे हा शब्द पडेल ते काम करतो, हे मला इतकी वर्षं बोलून कधी जाणवलं नव्हतं. फोटो काढला की मिळतो आणि दात काढला की जातो. पोरीनं नाव काढलं म्हटलं की आई फुशारते, शाळेनं नाव काढलं म्हटलं की आई रडते. तरी आपल्याला कधी अडत नाही. समोरचा कोण, कुठं बसून बोलतोय, यावरून कळतं. यंत्र कुठंच बसलेलं नसतं. मामांना मी हे समजावून सांगायचं ठरवलं होतं. संधी मिळाली नाही.

मामा बाजाराच्या दिवशी आले. पेढ्यांचे दोन बॉक्स, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलले, मग माझ्याकडं वळले.

"ताई, लेकरू लई हुशार हाय तुमचं. पन लग्नाआधीच नवऱ्याला नापास करनारी सून आमच्या भावकीत अजून आली न्हवती."

"मामा, मी त्यांला न्हाई, चिठ्ठीला मार्क दिले," शिवकन्या म्हणाली.

"चिठ्ठी कोनाची हाय?"

"तिच्यावर सही न्हाई."

आमच्या ह्यांना ठसका लागला. यांना ठसका लागतो तो चहानं नसतो, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

मामांनी फोनवर बॅनरचा फोटो दाखवला. मध्यभागी मामा, बाजूला हळकुंडं, वर मोठ्या अक्षरात 'बोलणारा सालगडी आपल्या दारी'. सालगड्याचा फोटो नसल्यामुळे मामांचाच दोनदा टाकला होता. "पावणे ठरले, मंडप ठरला. तेवढा शेरा मागं घे, माय. एक बटन तर दाबायचं."

"चिठ्ठी नीट करून पाठवा ना मामा. दुपारभराचं काम हाय. दुसरं कोणी तपासंल, मी मधी येत न्हाई."

"चालू गाडीचं इंजिन कोन खोलतं? अन् नीट करून पाठवली म्हंजे आमची चूक व्हती असं झालं ना! थांब, तुला दाखवतोच." मामांनी फोन तोंडासमोर धरला आणि सभेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "सालगड्या, ग्यानोबा बोलून राहिलो. माझी नोंद काढ."

फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला. सालगडी बाई का होती, हे मी विचारलं नाही. "होय मालक. आपली नोंद काढली आहे."

"ऐकलं का? काढली!" मामांनी एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

"आता दाखव म्हणा," शिवकन्या हळूच म्हणाली.

"दाखव रे."

"या नावाचे कोणीही आपल्या कंपनीचे सभासद नाहीत. आपल्याला सभासद व्हायचे आहे का?"

पेढा मामांच्या गालात तसाच राहिला. त्यांनी नाव परत सांगितलं, आडनावासकट सांगितलं, मग अध्यक्ष म्हणून सांगितलं. सालगड्यानं तितक्याच गोड आवाजात तीन वेळा सभासद होण्याचा आग्रह केला.

"व्हऊन टाका मामा," आमचे हे म्हणाले. "आधार कार्ड हाय का संगं?"

मी यांच्याकडं असं बघितलं की यांनी कपबशी उचलून आत नेली, आयुष्यात पहिल्यांदा. पण व्हायचं ते झालं होतं. मामा उठले. अध्यक्ष स्वतःच्या कंपनीतून पुसला गेला तो कोणामुळं? चिठ्ठी लिहिणाऱ्या यंत्रामुळं नाही, ती न वाचता पाठवणाऱ्यामुळं नाही, घाई करणाऱ्यामुळं तर नाहीच. जिनं आधी सांगितलं होतं, तिच्यामुळं.

"हिनं तोंडातून काढलं अन् तसंच झालं," ते म्हणाले, आणि आत गेलेल्या आमच्या ह्यांना ऐकू जाईल असं पुढं बोलले. "सोनाजीराव, मी सरळ मानूस हाय. शेरा मागं घेतला तर सुपारी फुटंल. न्हाई तर पोराला दुसरी बघतो. रविवारपर्यंत कळवा."

उघडलेला बॉक्स तसाच ठेवून न उघडलेला त्यांनी आठवणीनं उचलला.

त्या संध्याकाळी मी शिवकन्येशी बोलले. खरं सांगते, मी मामांचीच बाजू घेतली. शेरा गेला तर कोण मरतंय? मामांची नोंद सोमेश्वरनं परत घातली म्हणे. हळद आहे तिथंच आहे. मार्क हा शेवटी आकडा, आणि आकड्यापायी कोणी नांदायचं सोडतं का?

ती लॅपटॉपकडं बघत म्हणाली, "मामांची गेली तर ते बॅनरवर दोनदा हायत, आई. परत घालता येती. तांड्यावरच्या मिराबाईची गेली तर? तिचा माल आला व्हता, तिची पाळी व्हती, हे कोण सांगंल? तिला सालगडी म्हणंल, सभासद व्हायचंय का."

मिराबाई आमच्याकडं हळद काढायला यायची. आता स्वतःची करते. तिनं फोनला 'माझी नोंद काढ' असंच म्हटलं असतं. मीही तसंच म्हटलं असतं. दुसरं काय म्हणतात?

"त्याचा फोन आला का?" मी विचारलं.

"न्हाई."

"तू कर ना मग."

"मी शेरा लिहिलाय. आता त्यांची बारी हाय."

घ्या. लग्न ठरवताना हिच्याशी वाद घालायचा म्हणजे पोस्टातल्या बाईशी घालायचा. पण ही मुलगी काम करताना फोन नेहमी उपडा ठेवते, आणि मामा गेल्यापासून तो सुलटा ठेवते. आवाजही मोठा केला आहे. सकाळी गॅसवाल्याचा फोन आला तशी ती खोलीतून पळत ओसरीवर आली, आणि सिलिंडर कधी येणार हे माझ्याहून गोड आवाजात विचारून आत गेली.

रविवार उद्यावर आला आहे. आमचे हे म्हणतात, पोरगी म्हणेल तसं. हे पाठिंबा म्हणून म्हणतात की झोप आली म्हणून, ते कळत नाही. शिलानं सुचवलं की निर्मलाबाईंशी, म्हणजे सोमेश्वरच्या आईशी बोला. मी बोलले. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "मला तर पोरगी लई आवडली व्हो, पन मामा काय म्हनतात बघा." मामांना फोन करायचा तर त्यांना एकच उत्तर हवं आहे, आणि ते माझ्याजवळ नाही. खरं म्हणजे कालपर्यंत होतं. शिवकन्या झोपल्यावर तिचं ते बटण कुठं असतं हे शोधण्यापर्यंत माझी मजल गेली होती. आता मात्र मिराबाई डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि गॅसवाल्याच्या फोनला पळत येणारी माझी पोरगीही नाही.

लिहिता लिहिता एक गोष्ट मला टोचायला लागली आहे. शेरा सोमेश्वरला आला. सोमेश्वर त्याच्यावर हसला, आज रात्री बसून वाचतो म्हणाला. त्यानंतर मामा बोलले, निर्मलाबाई बोलल्या, भावकी बोलली, शिलाही बोलली. ज्याचं लग्न आहे आणि ज्याची चिठ्ठी आहे, तो एकटा बोललेला नाही. बायोडाट्यात घरावरचे पत्रे लिहायची हिंमत करणारा पोरगा मामांच्या इस्त्रीला घाबरत असेल तर ते आम्हाला सुपारीच्या आधी कळलेलं बरं. आणि तो घाबरत नसेल, नुसता मान खाली घालून चिठ्ठ्या नीट करत बसला असेल, आणि आमच्याकडून कोणी विचारत नाही म्हणून गप्प असेल, तर?

मुलीच्या आईनं ठरायच्या आधी थेट मुलाला फोन करायचा नसतो. आमच्याकडं तसं कोणी करत नाही. बोलणी मोठ्यांनी करायची, मुलामुलींनी ऐकायची. मामा हे वर्षभर सांगत फिरतील, शिला त्याला मीठमसाला लावेल, आणि आमचे हे एकदा जोरात ठसकतील.

उद्या सकाळी शिवकन्येकडून सोमेश्वरचा नंबर घेणार आहे. रीतसर मागून, तिच्यासमोर, चोरून नाही. शेरा मागं घ्यायचा विषयही काढणार नाही. तो उचलेल तेव्हा त्याला एवढंच विचारेन: बाबा, तू ते वाचलंस का, आणि तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे? तो 'मामा सांगतील तसं' म्हणाला तर शिवकन्येला ते मीच सांगेन, आणि मामांना रविवारचा निरोप आमच्याकडून जाईल, आमचा नकार म्हणून. तो दुसरं काही म्हणाला तर त्याला सांगेन की मामांना नाही, आधी हिला फोन कर, फोन सुलटा ठेवलेला आहे.